रुसखेडा मार्गे हसरपाणी

धडगावच्या घाटातला प्रत्येक टप्पा माझ्या तिकिटाच्या मशीनमध्ये आहे. पाडा, फाटा, शाळा, दवाखाना, माणूस जिथं म्हणून हात दाखवतो ते सगळं त्यात आहे. नव्हतं ते एकच गाव, आणि नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्यानं माझ्याकडे नेमकं तेच मागितलं.

"बाई, एक हसरपाणी दे."

काखेत कोंबडी, खांद्यावर पिशवी, पायात टायरच्या चपला. मी नवी. खाकी साडीच्या निऱ्या अजून नीट बसत नव्हत्या, मशीनची बटणं बोटांना ओळखत नव्हती. मी मशीन खालीवर केलं, दोनदा केलं, तिसऱ्यांदा ड्रायव्हरला विचारलं. ड्रायव्हर आरशात बघून नुसता हसला.

"बाबा, असं गाव नाही आपल्या रस्त्यावर."

"नही कसं? आत्ते भोंगामा सांगं ना! रुसखेडा मार्गे हसरपाणी, फलाट चार."

आता आमच्या स्टँडला फलाट तीन. चौथा फलाट म्हणजे मुतारीची भिंत, तिच्यामागे लिंबाचं झाड आणि त्यामागे कर्मचाऱ्यांची क्वार्टर्स. मी खाली उतरले आणि तणतणत नियंत्रण कक्षात गेले. तिथं काचेच्या खिडकीमागे, समोर माइक, कानावर पेन, असे ते बसले होते. आमचे वाहतूक नियंत्रक. सगळं स्टँड त्यांना नाना म्हणायचं.

स्टँड कुठलं ते सांगत नाही. शहादा सोडलं की सातपुड्याच्या अंगाला जे रस्ते जातात त्यांपैकी एकावरचं समजा. नाव सांगितलं तर नाना लगेच ओळखू येतील, आणि त्यांची बायको, आमची मावशी, मला उभी कापील.

"नाना, हे हसरपाणी कुठं आलं?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं, कोंबडीवाल्या बाबांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम पडला. "अरे देवा," ते म्हणाले, "ते गाव तुन्ही मशीनमा सापडाव नही, पोरी. ते मन्हा घरनं गाव शे."

मला काही कळलं नाही. पण नाना बाहेर आले, बाबांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, कोंबडीलाही दिलं. बाबांची लेक वरती डोंगरात कुठल्याशा 'पाणी'वर दिलेली. गावाचं पुढचं अर्धं नाव बाबा विसरलेले, आणि भोंग्यात हसरपाणी ऐकताच त्यांना वाटलं, हेच. नानांनी जावयाचं आडनाव विचारलं, शेजारी कोणती शाळा, कोणता नाला, असं करत करत खरं गाव शोधून काढलं. तोवर माझी गाडी गेली होती, मी तिच्यात होते, बाबा मागे राहिले होते. संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर नानांनी त्या बाबांना कोंबडीसकट स्वतःच्या मोटरसायकलवर बसवलं आणि घाट चढून लेकीच्या दारात सोडलं. परत आले तेव्हा शर्टाला पिसं चिकटलेली होती.

मग हळूहळू मला सगळं समजलं. नाना बायकोला हाक मारत होते.

*

रोज एक वाजून दहा मिनिटांनी नानांची जेवणाची वेळ. त्या वेळी ते माइक जवळ ओढत आणि घोषणेच्या त्याच सरकारी आवाजात सांगत, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. लाजाळदे येथे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे." स्टँडवर चार भोंगे. तीन फलाटांकडे तोंड करून, आणि चौथा नानांनी स्वतः खांबावर चढून क्वार्टर्सकडे वळवलेला. गाव रोज नवं. काल मावशी रुसली असेल तर रुसखेडा. हसली तर हसरपाणी. रुसून मग हसली तर एक मार्गे दुसरं. ताकात साखर घातली तर गुळपाडा. दुपारी बोलता बोलता तिचा डोळा लागला तर निजबारी. आमच्याकडची गावं खरंच अशीच असतात, त्यामुळे कुणाला शंका येत नसे. बाकीचे कंडक्टर-ड्रायव्हर सवयीचे झाले होते. "नानानी गाडी लागनी," म्हणत डबे उघडत.

तुम्हाला वाटेल, काय हा माणूस, बायकोवर किती प्रेम! मला पण तसंच वाटलं. थांबा, पुढे सरका, अजून जागा आहे.

मावशीनं त्या एकाही नावाला कधी ओ दिली नव्हती.

हे मला नानांनीच सांगितलं. चैत्रातली दुपार होती. गाडीला दीड तास अवकाश होता, स्टँड सगळं पेंगत होतं. फलाटावरची कुत्रीसुद्धा सावलीबरोबर सरकत होती. कुठून तरी कापसाचा एक पुंजका आला, पंख्याखाली घुटमळला, नानांच्या रजिस्टरवर बसला. नानांनी तो फुंकून उडवला आणि कुणी विचारलेलं नसताना म्हणाले, "माले रिटायर व्हवाना आधी एक ओ जोयजे. एकच. बाकी काही नको."

लग्नात आमच्याकडे सासरचं नाव ठेवतात. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात नाव लिहितो. नानांचं अक्षर सुरेख. आत्यानं नाव सांगितलं, नानांनी झोकात लिहिलं, आणि नवरीपुढे ताट करायच्या आत कुणा घाईच्या माणसानं ते उचललं. तांदूळ सरकले. अक्षरं मोडली. पेढे वाटले, टाळ्या वाजल्या, नवरीनं मान खाली घातलेली. दुसऱ्या दिवशी नानांनी त्या नावानं हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा आतून शांतपणे आवाज आला, "मी ते नाव वाचेल नही. न वाचेल नावले ओ कशी देऊ?"

ते नाव कोणतं, ते मी इथं लिहीत नाही. मावशीनं वाचलं नाही, तर तुम्ही तरी का वाचावं?

"मग माहेरचं नाव घ्यायचं ना, नाना!" मी म्हटलं. मला वाटलं, मी किती हुशार!

"आठवा दिनले तेच कयं मी. ती म्हने, त्या नावनी मन्हा बाप हाक मारस. तुम्ही काय मन्हा बाप शेतस?"

तेव्हापासून नाना नाव शोधत होते. बत्तीस वर्षं. बाई काही रागावून कोपऱ्यात बसलेली नव्हती हो. संसार चोख केला, एक मुलगी वाढवली, सुरतेला दिली. नाना बोलत तेव्हा बोलायची, हसायची, त्यांची टिंगल करायची. फक्त नावानं हाक मारली की गप्प. समोर येऊन उभी राहील, पाण्याचा तांब्या पुढे करील, पण ओ नाही. घरातली नावं संपली, फुलंफळं संपली, तेव्हा नानांनी गावं काढायला घेतली. गावं कधी संपत नाहीत, असं त्यांना वाटलं होतं.

कोंबडीवाल्या बाबांचं प्रकरण कुणीतरी वर कळवलं. अस्तित्वात नसलेल्या गावाची घोषणा केल्याबद्दल नानांकडे खुलासा मागितला गेला. नानांनी तो त्याच सुरेख अक्षरात लिहिला. मला वाचून दाखवला म्हणून पाठ आहे. "सदर गाव अस्तित्वात आहे. तथापि तेथे जाण्याचा रस्ता मला अद्याप सापडलेला नाही. सापडताच कळवितो." आगाराच्या साहेबांनी तो वाचला म्हणे, कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाले, "भोंगा जरा हळू लावत जा."

नानांनी भोंगा हळू लावला. पण त्या दिवसापासून प्रत्येक घोषणेनंतर ते काचेतून वाकून बघत, कुणी म्हातारं माणूस चौथा फलाट शोधत फिरत नाही ना.

*

त्याच सुमारास माझं लग्न ठरलं. मुलगा नंदुरबारचा, मिरचीच्या एका व्यापाऱ्याकडे कारकून. फोनवर बोलायचा तर दर दोन वाक्यांनंतर शिंकायचा. माणूस चांगला. पण एक दिवस त्यानं मला मेसेज पाठवला, "जेवलीस का, बेबी?"

माझं डोकंच फिरलं. आमच्या गल्लीत तीन बेबीबाया. तिघी साठीच्या पुढच्या, एकीला दात नाहीत. मी सरळ नानांकडे गेले आणि फोन त्यांच्यापुढे धरला. नानांनी चष्मा लावून ते नाव दोनदा वाचलं, तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं, आणि मान हलवली.

"हाई नाव त्यानं नही. दुसरानी सीटवर रुमाल टाकेल शे."

मग त्यांनी मला शास्त्र समजावलं. हसू नका, शास्त्रच होतं ते. पहिली गोष्ट, नाव उघड्या तोंडावर संपलं पाहिजे. "धडगाव म्हन. दख, शेवटले ओठ मिटतस. अर्धा आवाज आतमाच राही जास. आते शहादा म्हन. तळोदा म्हन. तोंड उघडं ना? तो आवाज दूर जास." तीस वर्षं भोंग्यात बोललेल्या माणसाचं निरीक्षण होतं ते. तेव्हापासून मी गाडीत गावं पुकारताना बघते, त्यात तसूभर खोट नाही. दुसरी गोष्ट, बाई दिसते कशी यावरून नाव ठेवू नये. चंद्र, गुलाब, हरिणी सगळ्याच बायकांत दिसतात. तिनं आज काय केलं यावरून ठेवावं. त्यासाठी आज तिच्याकडे बघावं लागतं. "नाव ठेवाले काही लागत नही, पोरी," ते म्हणाले. "दखाले लागस."

हे वाक्य मी त्याच दिवशी नंदुरबारला कळवलं. तिकडून आलं, "म्हणजे मी काय करू?" बिचारा! मी लिहिलं, "सुट्टी काढ आणि एक दिवस माझ्या गाडीत बसून बघ."

तो आला. घाटातून वर आणि खाली, मागच्या सीटवर बसून, शिंकत. शिंकून डोळ्यांना पाणी यायचं, तरी बघत होता. मी दिवसभर माणसं चढवली, उतरवली, एका बाईचं बाळ धरलं, एका दारुड्याला झापलं. उतरताना तो नानांच्या खिडकीपाशी गेला आणि शाळेतल्या मुलासारखा उत्तर सांगून आला. "डबलबेल."

गाडी सोडताना कंडक्टर दोरी दोनदा ओढते ना, टण टण, ती डबलबेल. म्हणे मी ती ओढताना दर वेळी आधी खिडकीतून मागे बघते, कुणी पळत येत नाही ना. हे मला स्वतःला माहीत नव्हतं. खरं सांगते, मला रडू आलं, आणि ते लपवायला मी पिशवीतले तिकिटाचे कागद उगीच मोजले.

नाना मात्र कपाळाला आठ्या घालून बसले. "चांगलं शे. पन शेवटले तोंड उघडत नही." मग म्हणाले, "डबलबेला कर."

*

मावशीकडे मी जायला लागले ती लग्नाची साडी दाखवायच्या निमित्तानं. क्वार्टरच्या गच्चीवर ती ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे पापड, घालत होती. पांढऱ्या धोतरावर गोल गोल बिबड्या, समोर सातपुडा निळा, उन्हानं कडा विरघळलेला. केळीच्या बागांवरून वारा यायचा तो ओलसर असायचा. मी बिबड्या घालायला बसले. खाली स्टँडवर एक दहा झाले आणि भोंग्यातून नानांचा आवाज वर आला. हळू, तरी स्वच्छ. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. चांदबारी येथे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे."

मावशीचा हात बिबडीवरच थांबला. तिनं डोळे मिटले. ओठ किंचित हलले, चांदबारी. मग पुन्हा पीठ घेतलं, पुढची बिबडी घातली, आणि गालातल्या गालात हसत राहिली. एवढं सुंदर हसू पन्नाशी उलटलेल्या बाईच्या तोंडावर मी पाहिलं नव्हतं.

"मावशी," मी म्हटलं, "द्या ना एकदा ओ. जीव अडकलाय त्यांचा."

तिनं खाली जिन्याकडे बघितलं, नाना येत तर नाहीत ना. मग म्हणाली, "तुले सांगू? पन मन्ही आन शे तुले, त्यासले सांगू नको."

मी गळ्याला हात लावला.

"पहिले सहा महिना राग व्हता. खरा राग. मन्हं नाव, आनि माले दखू बी दिधं नही! मंग राग सरी गया, आनि माले मजा येवाले लागनी. दख वं, मन्ह्या दोन बहिनी शेतस. त्यास्नी पहिलाच दिन ओ दिधी. आते एकले नवरा 'आयकस का' म्हनस आनि दुसरीले 'बबल्यानी माय'. मी दिधी नही, तं माले रोज नवं गाव." ती पिठाचा हात परातीत झटकत म्हणाली, "गाव सापडनं का मानूस फिरानं बंद करस. मी ओ दिधी, तं तुन्हा नाना थांबी जातीन."

खाली बघितलं तर नाना डोक्याला रुमाल बांधून, चौथ्या फलाटाच्या भिंतीला वळसा घालून, जेवायला येत होते. मान वर करून गच्चीकडे बघत होते. दिली का ओ, एवढंच त्यांच्या मानेत होतं.

त्या दिवसापासून माझी पंचाईत झाली. एकाचं दुःख माहीत, दुसरीचं गुपित माहीत, आणि मध्ये मी, गळ्याला हात लावून बसलेली.

*

नानांच्या निवृत्तीच्या आधी पंधरा दिवस स्टँडवर नवीन यंत्र बसलं. आता गावं कॉम्प्युटरमधली बाई सांगते. गोड बोलते, पण तिला गावं माहीत नाहीत. धडगाव आणि धुळे ती एकाच मायेनं सांगते. तिच्या यादीत जे गाव नाही ते ती बोलूच शकत नाही. जुना माइक टेबलाखाली एका खोक्यात गेला. नानांनी काही तक्रार केली नाही. पंधरा दिवस एक दहाला नुसते उठून जेवायला जात, मुकाट्यानं. मावशी म्हणे जेवताना दोनदा बाहेर डोकावून बघायची, भोंगा बंद पडला की काय.

शेवटच्या दिवशी साहेबांनी स्वतः माइक काढून जोडायला सांगितला. "नाना, आज तुमची एक घोषणा होऊन जाऊ दे." सगळे कंडक्टर-ड्रायव्हर जमले. हार, नारळ, शाल. माझी धडगावची गाडी एक वीसची, मी दारात उभी. एक वाजून पाच. नानांनी माइक ओढला. एक सात. कानावरचं पेन काढून टेबलावर ठेवलं. एक दहा झाले. नाना माइकपुढे बसले होते आणि बोलत नव्हते.

मी आत गेले. "नाना?"

"गाव सुचत नही, पोरी." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "पंधरा दिन विचार कया. शेवटलं शे, तं असं जोयजे का तिनी ओ देवालेच जोयजे. एक बी सुचत नही. गावं सरी गयात." त्यांनी माइकचं बटण बंद केलं. "जावू दे. बत्तीस वरीस वरडनू. तिले माले ओ देवानीच नही, हाई इतला दिनमा तरी समजाले जोयतं."

आता सांगा! माझ्या जिभेवर आलं होतं. नाना, ती रोज ओठांत तुमचं गाव म्हणते. नाना, ती डोळे मिटते. आण गेली खड्ड्यात, असं वाटलं. त्या माणसाचा सगळा जन्म असा चूक ठरवून त्याला घरी पाठवायचं? मी तोंड उघडलं. तिकडे माझे प्रवासी खिडक्यांचे पत्रे बडवायला लागले. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. साहेबांनी घड्याळ बघितलं. एक वीस होऊन गेले होते.

तेवढ्यात चौकशीच्या खिडकीवर टकटक झाली.

मावशी होती. भर दुपारी, पिठाच्या हातानं, पदर डोक्यावर घेतलेला. बत्तीस वर्षांत ती स्टँडवर प्रवासाशिवाय आली नव्हती. लोक बाजूला झाले. ती खिडकीच्या अर्धगोल भोकाशी वाकली, अगदी कुणी अनोळखी बाई वाकते तशी, आणि म्हणाली,

"ओ साहेब! रुसखेडानी गाडी लागनी का?"

नानांनी टेबलावरचं पेन उचलून पुन्हा कानावर ठेवलं.

"का हसरपाणीनी शे पहिले?" मावशीचा आवाज सगळ्या स्टँडला ऐकू जात होता. "लाजाळदानी? गुळपाडानी? चांदबारीनी? तीस वरीस व्हयनात, भोंगामा बोलावतस. गाडी तं एक बी सोडी नही! मी रोज गच्चीवर तयार बठेल ऱ्हास."

एकही गाव ती विसरली नव्हती. आणखीही दहाबारा सांगितली, जी मी कधी ऐकलेलीसुद्धा नव्हती, माझ्या जन्माच्या आधीची. प्रत्येक गावासरशी नानांची मान थोडी थोडी वर येत होती. मग एकदम ते खुर्चीतून उठले, खुर्ची मागे पडली.

"तू ओ म्हननी!"

"कवय?"

"आत्ते! ओ साहेब म्हननी तू! हाई पोर साक्षीदार शे! साहेब, तुम्ही आयकं ना?"

साहेब शालीची घडी हातात घेऊन उभे. त्यांनी सरकारी माणसासारखा विचार केला आणि सांगितलं, ओ उच्चारला गेला हे खरं आहे.

मावशीनं पदर सारखा केला. "ती हाक व्हती. खिडकीमातला साहेबले मी हाक मारी. ओ नही ती."

"ओ ती ओच ना!"

"हाक ती हाक, ओ ती ओ." तिचे डोळे नुसते हसत होते. पण तिनं माझ्याकडे एकदा असं बघितलं की मी उघडलेलं तोंड मिटून घेतलं. "तुम्ही गाडी लावा. मंग दखू."

नानांनी डोळे पुसले, हारानंच. मग उभ्याउभ्याच माइकचं बटण दाबलं. चारही भोंग्यांतून, पहिल्यासारखा मोठ्यानं, तो आवाज आला. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. रुसखेडा मार्गे हसरपाणी येथे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवरून," इथं ते थांबले, कारण इथून पुढे त्यांनी कधी काही म्हटलेलंच नव्हतं, "सुटत आहे."

जुनी मोटरसायकल लिंबाखाली होती. मावशी तशीच, पिठाच्या हातानं, मागे बसली. कुठं जाणार, काही ठरलेलं नव्हतं. साहेबांनी शाल पळत जाऊन नानांच्या मांडीवर टाकली. मी माझ्या गाडीच्या पायरीवर उभी होते. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला कळलं की हे काम माझंच आहे. मी दोरी ओढली. टण टण.

*

नाना-मावशी आता त्यांच्या गावी असतात, माझ्याच रस्त्यावर. गाडी त्यांच्या फाट्यावरून जाते तेव्हा मी डावीकडच्या खिडकीला असते. मावशी गच्चीवर बिबड्या घालत असते. खाली अंगणात नाना, तोंडाला दोन्ही हातांचा कर्णा करून, वर बघत काहीतरी पुकारतात. शेवटचं अक्षर उघडं असतं, एवढंच मला धावत्या गाडीतून ऐकू येतं. मावशी मान वळवत नाही. नाना मला हात करतात आणि बोटानं नाही म्हणतात, म्हणजे अजून नाही. पण हल्ली ते तसं सांगताना हसतात. त्यांना कळलं असावं. मी सांगितलेलं नाही, आण आहे.

आमच्या लग्नाला आता दहा वर्षं झाली. नवऱ्याची शिंक गेली नाही, पण बेबी गेली ती गेलीच. डबलबेला झाली, घाटवळणा झाली, मध्यंतरी दोन दिवस मी बोलले नाही तेव्हा 'गाडीबंदा' झाली. तो रोज बघतो आणि रोज नवं काढतो. काल मी ड्यूटीवरून आले, लेकीच्या वेणीत अडकलेला कंगवा सोडवत बसले, तेव्हा स्वयंपाकघरातून त्यानं एक नाव पुकारलं. काय होतं ते सांगणार नाही. इतकं बरोबर होतं, इतकं माझं होतं, की आतून सगळी उठून ओ ओठांपर्यंत आली.

मी ती गिळली. डोळे मिटले, ते नाव ओठांत एकदा म्हणून पाहिलं, आणि कंगवा सोडवत राहिले.